लिहिण्याचे पैसे मोजायचे कसे?

मागच्या वेळी मी प्रोसिडिंग वही कशी लिहायची यावर बोलले होते. आजही विषय लिहिण्याचाच आहे, पण वहीतल्या नाही, मोबाईलवरच्या लिहिण्याचा. आणि त्याच्या पैशांचा.

झालं असं, की गेल्या महिन्यात मी एका गटाच्या बैठकीला गेले होते. बचत जमा झाली, परतफेड झाली, मग कर्जमागणी आली. गटातली एक सून, बारावी झालेली, तिने चार हजारांचं अंतर्गत कर्ज मागितलं. कारण लिहिलं होतं, 'मोबाईलवर लेखन, कोर्स फी'. आता शेळीसाठी, शिलाई मशीनसाठी, दवाखान्यासाठी, पोराच्या वह्यापुस्तकांसाठी कर्ज देण्याची गटाला सवय आहे. हे नवीनच होतं. अध्यक्ष मावशी म्हणाल्या, "अगं, लिहायचे पैसे कोण देतं? आणि देत असतील तर शिकायला पैसे कशाला भरायचे, तुला तर लिहिता येतंच की."

तिने मोबाईल पुढे केला. जाहिरात होती. दिवसाला तीस पोस्ट टाका, काहीही टाका, घरबसल्या महिन्याला पंधरा हजार. कसं ते आम्ही शिकवतो, फी चार हजार.

सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. ताई सांगतील. आणि ताई गप्प. कारण याच विषयात माझे हात एकदा पोळलेले आहेत, आणि ते पोळले माझ्याच चुकीने. ते आधी सांगते.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. एक अॅप होतं. आपापल्या भाषेत माहिती टाका, लोकांनी ती बघितली की थोडे पैसे मिळतील, असं त्याचं होतं. मला वाटलं, आपल्या बायकांना काय कमी माहिती आहे? वाळवणं, लोणची, शेळ्यांची औषधं, भाताचं रोप. आठजणींनी मिळून गटाच्या नावाने एक खातं उघडलं. पैसे एकत्र येणार, मग वाटायचे कसे? नियम मी केला. ज्या बाईच्या जितक्या पोस्ट, तितके तिचे वाटे. महिनाअखेरीस पोस्ट मोजायच्या आणि भाग पाडायचा. मोजायला सोपं, वहीत लिहायला सोपं, भांडण नाही. मला माझ्या नियमाचं कौतुकच वाटलं होतं.

पहिल्याच महिन्यात एका वहिनीने कुरडईवर लिहिलं. चार संध्याकाळी बसून लिहिलं. गहू तीन दिवस भिजवायचा, पाणी रोज बदलायचं, नाहीतर वास धरतो. दळून चीक काढायचा, गाळायचा, रात्रभर ठेवायचा, वरचं पाणी हळूच ओतून टाकायचं. इथपर्यंत कोणीही सांगेल. पण तिने पुढचं लिहिलं होतं. उकळत्या पाण्यात चीक सोडताना एक हात ओतायला आणि एक हात हलवायला, म्हणून एकटीने करू नये, गुठळी होते. शिजला की नाही ते ओलं बोट लावून बघायचं, बोटाला चिकटला नाही तर झाला. आणि आभाळ भरून आलं तर त्या दिवशी सोऱ्या हातात धरायचाच नाही, चीक पाणी बदलून आणखी एक दिवस ठेवला तरी चालेल. हे सगळं तिच्या आजेसासूबाईंनी सांगितलेलं, त्यांच्याच शब्दांत तिने लिहून घेतलं होतं. फोटोही त्यांच्याच हाताचे.

त्याच महिन्यात दुसऱ्या एकीने एकतीस पोस्ट टाकल्या. रोज सकाळी एक, 'शुभ सकाळ'. सूर्य, गुलाबाचं फूल, खाली एक ओळ. माझ्या नियमाने कुरडईवालीचा एक वाटा आणि शुभ सकाळवालीचे एकतीस वाटे. त्या बाईला मी दोष देत नाही. तिच्या पदरात दोन लहान पोरं, तिच्याकडे चार संध्याकाळी कुठून येणार? नियमात जे बसतं ते तिने केलं. नियम माझा होता.

दुसऱ्या महिन्यात बाकीच्याही शहाण्या झाल्या. गुलाबाची फुलं वाढली. तिसऱ्या महिन्यात फुलं संपली म्हणून की काय, दुसऱ्यांच्या पाककृती उचलून टाकायला सुरुवात झाली, फोटोसकट. एका भाकरीच्या फोटोत मागे काचेच्या दाराचं ओव्हन दिसत होतं. आमच्या गावात तसलं ओव्हन तेव्हा कुणाकडे नव्हतं, आजही नाही. मी ते पाहिलं आणि हसून सोडून दिलं. तिथेच बोलायला हवं होतं.

चौथ्या महिन्यात खातं बंद. उचललेला मजकूर आढळला म्हणून. खात्यावर अठराशे रुपये जमा होते, ते अडकले ते अडकलेच. आणि त्या खात्याबरोबर कुरडईचं लिहिलेलंही गेलं. तिने वेगळी प्रत ठेवली नव्हती, मी ठेवायला सांगितली नव्हती. आजेसासूबाई त्याच पावसाळ्यात वारल्या होत्या.

ती वहिनी भांडायला आली नाही. बैठक संपल्यावर थांबली आणि म्हणाली, "ताई, माझं काय चुकलं ते सांगा." मला उत्तर देता आलं नाही. तिने पुन्हा काही लिहिलं नाही, मोबाईलवर तर नाहीच.

तेव्हापासून मी हा विषय जिथे दिसेल तिथे वाचत गेले. आणि माझ्या लक्षात आलं, की आठ बायकांमध्ये जे झालं, अगदी तेच लाखो लोकांच्या जागेत झालेलं आहे. शिकलेले, कॉम्प्युटरवाले लोक, आणि घोळ आमचाच. त्यातली एक गोष्ट सांगते, कारण ती गटाच्या भाषेत नीट समजते.

२०१६ साली अमेरिकेत नेड स्कॉट आणि डॅन लॅरिमर या दोघांनी स्टीमिट नावाची जागा सुरू केली. इंटरनेटवर लिहायचं, वाचणाऱ्यांनी मतं द्यायची, आणि मतांप्रमाणे लिहिणाऱ्याला पैसे मिळायचे. पैसे म्हणजे आपले रुपये नाहीत, त्यांचं स्वतःचं आभासी नाणं, स्टीम. ते बाजारात विकून खरे पैसे करता यायचे. रोज ठरावीक नवी नाणी तयार व्हायची आणि त्यातला मोठा भाग एका सामायिक साठ्यात जायचा. त्या साठ्यातून सगळ्या लिहिणाऱ्यांना वाटप.

हा सामायिक साठा म्हणजे काय ते नीट समजून घ्या, सगळी मेख तिथेच आहे. कांदा लागवडीला आपली टोळी जाते. एकराचं उक्तं ठरतं, आणि संध्याकाळी पैसे सगळ्यांत वाटतात. दहाजणी आहेत, त्यातल्या दोघी विरळ रोप लावत, गप्पा मारत पुढे गेल्या, तरी त्यांचा वाटा तेवढाच. तो वाटा मालकाच्या खिशातून जास्तीचा येत नाही. तो बाकीच्या आठजणींच्या कष्टातून जातो. वर पुढच्या वर्षी मालक म्हणतो, ही टोळी नको. रोजगार हमीच्या कामावर चौकडी मोजून मजुरी निघते, तिथेही हाच अनुभव आहे. स्टीमिटवर कुणी नुसतं 'आजचा दिवस छान' असं लिहून वाटा उचलला, की नीट लिहिणाऱ्याचा वाटा तेवढा कमी व्हायचा. म्हणून तिथे 'थोडक्यात उरकलेलं लिखाण' हा फार तापलेला विषय होता. आळशीपणावर कुणाचा राग नव्हता. आपल्या ताटातली भाकरी जाते, याचा राग होता.

आता मतांचं. आपल्या गटात एका बाईला एक मत. बचत जास्त असो की कमी. तिथे तसं नव्हतं. ज्याच्याकडे जास्त नाणी गुंतवून ठेवलेली, त्याच्या मताचं वजन जास्त. समजा आपल्या गटात दहाजणी आहेत. नऊजणींची बचत हजार-हजार रुपये आणि एकीची एक्याण्णव हजार. मग शंभरातली एक्याण्णव मतं त्या एकीची. ती म्हणेल ते कर्ज, ती म्हणेल तो ठराव. बाकीच्या नऊजणींनी चहा प्यायचा आणि घरी जायचं. सुरुवातीला तर स्टीमिटचा हिशेब याहून वाकडा होता, तो वर्गाने चालायचा. म्हणजे वजन दुप्पट झालं तर पैसे चौपट, वजन दसपट झालं तर पैसे शंभरपट. २०१७ च्या जूनमध्ये त्यांनी तो सरळ केला, जितकं वजन तितकेच पैसे.

सरळ केल्यावर न्याय होईल असं वाटलं असणार. झालं उलटंच. आता आपलं मत आपल्यालाच देणं परवडायला लागलं. नियम असा होता, की पूर्ण ताकदीची दहा मतं दिवसाला देता येतात. एकेका मताने ताकद थोडी उतरते आणि दिवसभरात पुन्हा भरून येते. मग ज्याच्याकडे नाणी भरपूर, त्याने दिवसात दहा वेळा दोन-दोन ओळी लिहायच्या आणि दहाही मतं स्वतःला द्यायची. कोण वाचतंय, कशाला वाचतंय, संबंध नाही. याच्या पुढची पायरी म्हणजे मतं विकणारी यंत्रं निघाली. त्यांच्याकडे पैसे पाठवायचे, ज्याने जास्त पाठवले त्याला जास्त वजनाचं मत. सगळ्यांत वरती दिसणारं लिखाण सगळ्यांत चांगलं असेलच असं राहिलं नाही. निवडणुकीत पाकीट कसं फिरतं ते तुम्हाला मी सांगायला नको.

तिथे चांगली माणसंही होती. उचलेगिरी शोधायला काहींनी गट केला होता. चीता नावाचं एक यंत्र होतं. कुणी कुठून उचलून आणलेलं टाकलं, की ते खाली येऊन मूळ लिखाणाचा पत्ता चिकटवून जायचं. आमच्या भाकरीच्या फोटोखाली असा चीता आला असता तर अठराशे रुपये वाचले असते.

आणि एक मजा सांगते. या लोकांनी सुरुवातीला आपली योजना मांडणारं जे लिहिलं होतं, त्यात खेकड्यांची गोष्ट आहे. हो, तीच. टोपलीतला एक खेकडा वर चढायला लागला की बाकीचे त्याला खाली ओढतात. आपण ही गोष्ट एकमेकांना टोमणा मारायला वापरतो. त्यांनी ती चांगल्या अर्थाने वापरली. कुणी एकटाच लबाडीने सगळं घेऊन निघाला तर बाकीच्यांनी त्याला खाली ओढावं, म्हणजे साठा वाचतो. लबाडी पूर्ण बंद होणार नाही, ती आवाक्यात राहिली तरी पुरे, असं त्यांचं म्हणणं. वाचून मी जरा वेळ थांबले. आपल्याकडे परतफेड थकवणाऱ्या बाईच्या घरी सगळा गट मिळून जातो, तेही ओढणंच आहे की.

पण ओढायला मोल पडतं. स्टीमिटवर एखाद्याच्या विरोधात मत दिलं की त्याचे पैसे कमी होऊन साठ्यात परत जायचे. मात्र विरोधात मत देणाऱ्याची स्वतःची ताकद त्यात खर्च व्हायची, आणि समोरचा मोठा असला तर तो सूड घ्यायचा. मग कोण देणार? २०१९ च्या ऑगस्टमध्ये त्यांनी दोन मोठे बदल केले. विरोधी मतांसाठी थोडी ताकद वेगळी, फुकटची दिली. आणि वाटप बदललं. आधी शंभरातले पंच्याहत्तर लिहिणाऱ्याचे आणि पंचवीस मत देणाऱ्यांचे होते, ते पन्नास-पन्नास केलं. हेतू असा, की दुसऱ्याचं चांगलं शोधून मत दिलं तरी चांगला वाटा मिळतो, मग स्वतःलाच देत बसायची गरज काय? मतं विकणाऱ्या बऱ्याच यंत्रांना त्यानंतर धंदा बदलावा लागला. पण लिहिणारे नाराज झाले, आमचे पंच्याहत्तरचे पन्नास का? आणि फुकटच्या विरोधी मतांनी जुनी भांडणं उकरायला काहींना हत्यारच मिळालं.

मला यातलं एक पटतं आणि एक अजिबात पटत नाही. वाचून, तपासून, हे चांगलं आहे असं सांगणं हेही काम आहे, त्याला मोबदला हवा, हे पटतं. आमच्या आठजणींत ते काम कुणाचंच नव्हतं, म्हणून ते कुणी केलं नाही. ज्याच्याकडे पैसा जास्त त्याची पारख जास्त, हे मात्र मला मान्य नाही. कुरडईला चीक कसा हवा हे ज्या आजींना कळत होतं, त्यांच्या नावावर बँकेत काही नव्हतं.

पुढचं भरभर सांगते. नाण्याचा भाव २०१८ च्या जानेवारीत आठ डॉलरपर्यंत गेला होता, वर्षअखेरीला तो अर्ध्या डॉलरच्याही खाली आला. त्या नोव्हेंबरात कंपनीने शंभरातली सत्तर माणसं कमी केली. २०२० च्या फेब्रुवारीत जस्टिन सन नावाच्या दुसऱ्या नाणेवाल्याने कंपनी विकत घेतली, जुन्या लोकांशी वाद झाला, आणि मार्चमध्ये बरेच जण फुटून 'हाइव्ह' नावाने वेगळे झाले. गट फुटतात तसंच. स्टीमिट त्यानंतरही चालू राहिलं. २०२१ मध्ये तिथे एक पद्धत आली, की जितकं काढून नेता निदान तितकंच आत गुंतवून ठेवा, तसं करणाऱ्यांच्या लिखाणाला आधी मतं देऊ. ही पद्धत ऐकून आमच्या सचिवबाई म्हणाल्या, "म्हणजे बचत!" होय, बचतच.

इथे एक सावधगिरीचं सांगायलाच हवं. मी ही गोष्ट सांगितली म्हणून कुणी गटाचे पैसे असल्या नाण्यात घालू नका. आठ डॉलरचं अर्धा डॉलर व्हायला वर्षही लागलं नाही, हे आत्ताच ऐकलंत. शिवाय आपल्याकडे २०२२ च्या एप्रिलपासून अशा आभासी नाण्यांच्या व्यवहारातल्या नफ्यावर सरळ तीस टक्के कर आहे, तुमचं उत्पन्न कितीही कमी असो.

मग आपल्या सुनेच्या कोर्सचं काय? तिला मी दुसरा हिशेब करून दाखवला. यूट्यूबचा, कारण ते तिच्या हातात रोज असतं. तिथे जाहिरातींचा वाटा मिळायला लागण्यासाठी आधी निदान एक हजार लोकांनी तुमचं चॅनल सबस्क्राइब करायला हवं, आणि गेल्या बारा महिन्यांत लोकांनी तुमचे व्हिडिओ मिळून चार हजार तास बघितलेले हवेत. नाहीतर दुसरी वाट, छोट्या व्हिडिओंना नव्वद दिवसांत एक कोटी वेळा बघणारे हवेत. चार हजार तास म्हणजे दोन लाख चाळीस हजार मिनिटं. एका माणसाने तुमचा व्हिडिओ चार मिनिटं बघितला असं धरलं, तर साठ हजार वेळा कुणीतरी बघायला हवं. ते झाल्यावर मोठ्या व्हिडिओवरच्या जाहिरातीच्या शंभरातले पंचावन्न तुमचे. यात 'दिवसाला तीस' हे कुठे बसतं? कुठेच नाही. किती टाकलं ते तिथे मोजतच नाहीत, लोक किती वेळ थांबले ते मोजतात. आणि २०२५ च्या जुलैत त्यांनी आपला नियम पुन्हा स्पष्ट केला, की एकाच साच्यातून भराभर काढलेलं, तेच ते पुन्हा पुन्हा केलेलं असेल त्याला पैसे नाहीत. आता मोबाईलला सांगितलं की तोच लिहून देतो, चित्र काढून देतो, आवाजही देतो. त्यामुळे तीस काय, तीनशे पोस्ट कुणीही टाकेल. म्हणूनच त्यांना हे पुन्हा सांगावं लागलं असणार.

वेळ मोजणं म्हणजे तरी पूर्ण न्याय असं नाही हं. मीडियम नावाची लिखाणाची एक जागा आहे. तिथे आधी टाळ्या मोजायचे, एक वाचक पन्नासपर्यंत टाळ्या देऊ शकायचा. २०१९ च्या ऑक्टोबरपासून ते वाचनाचा वेळ मोजायला लागले. आता वेळेवर पैसे असतील तर माणूस पाल्हाळ लावतो. कीर्तनात बुवा लांबवतात तसं. जे मोजाल ते वाढतं. डेअरीत फक्त लिटर मोजले तर दुधात पाणी वाढेल, म्हणून फॅट बघतात, एसएनएफ बघतात. लिखाणाचं फॅट बघायचं यंत्र अजून तरी निघालेलं नाही, माणसानेच वाचावं लागतं.

तर त्या बैठकीत काय ठरलं ते सांगते. तास-दीड तास बोलणं चाललं. कोर्सला चार हजार द्यायचे नाहीत, यावर एकमत झालं. त्या जाहिरातवाल्याची कमाई तीस पोस्टमधून येत नसावी, चार हजारांच्या फीमधूनच येत असावी, हे अध्यक्ष मावशींनी सगळ्यांच्या आधी ओळखलं. सून रडवेली झाली. तिला वाटलं आपल्यावर विश्वास नाही. मग मी माझी अठराशे रुपयांची गोष्ट त्यांच्यासमोर पहिल्यांदा सांगितली. तीन वर्षं मी ती कुठल्याच बैठकीत काढली नव्हती.

त्यानंतर बोलणं वळलं. गटाने तिला रिचार्जपुरते आणि मोबाईलच्या स्टँडपुरते सहाशे रुपये कर्ज दिलं, तीन हप्त्यांत फेडायचं. अट घातली, की दोन महिन्यांत चारच गोष्टी लिहायच्या, पण स्वतःला येणाऱ्या. आधी वहीत लिहायच्या, मग मोबाईलवर. वही गटाच्या पेटीत राहील. प्रत्येक गोष्ट टाकण्याआधी गटातल्या दोघींनी वाचायची, वाचता येत नसेल तर वाचून घ्यायची, आणि काय चुकलं ते सांगायचं. कुणाकडून ऐकलं त्या बाईचं नाव खाली लिहायचं, आणि आधी त्या बाईला विचारायचं. दुसऱ्याचा फोटो नाही. शुभ सकाळ नाही. यावर एक काकू म्हणाल्या, "पाडव्याला तरी टाकू दे," ते मंजूर झालं.

पैसे आले तर वाटप कसं, यावर खरी खडाजंगी झाली. एक म्हणाली सगळे लिहिणारीचे. दुसरी म्हणाली, मोबाईल गटाच्या कर्जाचा, खातं गटाच्या नावाचं, मग गटाचं काय? सचिवबाई म्हणाल्या, तपासणाऱ्या दोघी रात्रीची झोप मोडून वाचणार, त्यांना काहीच नको का? शेवटी शंभरातले सत्तर लिहिणारीचे, वीस तपासणाऱ्या दोघींचे आणि दहा गटाच्या निधीत, असं ठरलं. बरोबर आहे का ते मला माहीत नाही. सहा महिन्यांनी पुन्हा बसायचं असं प्रोसिडिंगमध्ये लिहिलं आहे. मोबाईल ज्या बाईचा, चार्जिंग ज्या घरातलं, त्यांचं काय, हा मुद्दा राहिला आहे, तो तेव्हा येईल.

अजून एक रुपयाही आलेला नाही, हेही सांगते. दोन गोष्टी लिहून झाल्या आहेत. पहिली जवसाच्या चटणीची. तपासताना दोघींचं लसणावरून बिनसलं आणि आठवडा गेला. दुसरी जास्त चांगली झाली आहे, बचत गटाचं खातं उघडताना बँकेत कुठले कागद लागतात आणि ते कोणत्या क्रमाने न्यायचे म्हणजे फेरी वाचते. ती सुनेने स्वतः तीन फेऱ्या मारून लिहिली आहे.

आणि ती कुरडईवाली वहिनी. ती दुसऱ्या गटात आहे, पण गाव एकच, त्यामुळे हे सगळं तिच्या कानावर गेलंच. मागच्या सोमवारी ती शंभर पानी वही घेऊन माझ्याकडे आली. आठवेल तसं पुन्हा लिहायला घेतलं आहे. चीक हलवण्यापर्यंत आलं आहे, पुढे आजींनी एक काहीतरी सांगितलं होतं, चीक उतरताना त्यावर काय शिंपडायचं की झाकण कसं ठेवायचं, तेवढं आठवत नाही म्हणाली. तिच्या सासूबाईंनाही सांगता येईना. ऐकणाऱ्यांत कुणाच्या घरी कुरडयांचा चीक उतरताना काही वेगळं करत असतील, तर रेडिओ केंद्रावर कळवा. सांगणाऱ्या बाईचं नाव आणि गावही सांगा, वहीत लिहायचं आहे.